लोणी-तुपाचा घाऊक व्यापार: भाव कसा काढायचा, सौदा कसा करायचा

मराठवाड्यात दूध संकलन केंद्र चालवणाऱ्या अनेकांना कधी ना कधी वाटते की नुसते दूध घालण्यापेक्षा क्रीम, लोणी किंवा तूप विकावे. काही जण उलट्या बाजूने येतात. किराणा किंवा मिठाईच्या धंद्यातून ते घाऊक तुपाकडे वळतात. दोघांची पहिली अडचण एकच असते: भाव कळत नाही. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचा, वसमतला हळदीचा भाव सौद्यात सर्वांसमोर निघतो. लोण्याला तसा मोंढा नाही. दलालाच्या फोनवर, डेअऱ्यांच्या खरेदी विभागात आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत तो ठरतो, आणि प्रत्येक जण वेगळ्या मालाचा भाव सांगत असतो. खाली दिलेल्या क्रमाने गेलात तर निदान कोणता भाव कशाचा आहे, हे तरी नक्की कळेल.

उदाहरणांतले भाव हिशेब समजावण्यासाठी घेतले आहेत. आजचा भाव टाकून तेच गणित पुन्हा करा.

१. आधी मालाची नावे आणि मापे पक्की करा

घाऊक बाजारात ‘बटर’ म्हटले की बहुतेक वेळा मिठाचे टेबल बटर नव्हे, बिनमिठाचे व्हाइट बटर अभिप्रेत असते. डेअरी प्रकल्पातून ते साधारण ८२ टक्के फॅटचे येते आणि खोक्यांत गोठवून साठवले जाते. टेबल बटरला कायद्याने किमान ८० टक्के फॅट लागते, पाणी १६ टक्क्यांपेक्षा आणि मीठ ३ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. तुपाला किमान ९९.५ टक्के फॅट हवे, पाणी अर्ध्या टक्क्याच्या आत.

गायीचे आणि म्हशीचे व्हाइट बटर हे दोन वेगळे माल आहेत. गायीचे पिवळसर, म्हशीचे पांढरे. दोघांचे गिऱ्हाईकही वेगळे, म्हणून भाव विचारताना ‘गाय की म्हैस’ हे पहिल्या वाक्यातच आले पाहिजे.

तुपाच्या डब्यात इथे सर्वांत जास्त फसगत होते. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा दिसायला जवळपास सारखेच. पण लिटरभर तूप भरते ९०५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या थोडे वर माल असतो. ५०० रुपये किलोच्या तुपात हा फरक डब्यामागे ७०० रुपयांच्या वर जातो. डब्याचा भाव कधीही स्वीकारू नका. निव्वळ किलोचाच भाव घ्या आणि एक डबा रिकामा करून काट्यावर घाला.

२. प्रत्येक भाव फॅटच्या किलोत बदला

या धंद्यात तुम्ही फॅट विकत घेता, बाकी सगळे पाणी आणि वेष्टन. त्यामुळे कोणताही भाव कानावर आला की त्याला फॅटच्या टक्केवारीने भागायचे.

समजा एक प्रकल्प ८२ टक्क्यांचे व्हाइट बटर ४०० रुपयांना देतो, पण माल त्यांच्या दारातून उचलायचा. आणायला किलोमागे ४ रुपये लागले तर तुम्हाला पडले ४०४. भागिले ०.८२, म्हणजे फॅटचा किलो ४९२ रुपये ७० पैसे. दुसरा माणूस खेड्यापाड्यांतून गोळा केलेले लोणी ३९२ रुपयांत पोहोच देतो. ऐकायला ते स्वस्त वाटते. पण त्यात फॅट ७८ टक्के निघाले तर फॅटचा किलो पडतो ५०२ रुपये ६० पैसे. आठ रुपयांनी स्वस्त दिसलेला माल फॅटच्या किलोला दहा रुपयांनी महाग पडला.

हाताने घुसळलेल्या लोण्यात पाणी आणि ताक जास्त राहते, आणि ते दर लॉटला बदलते. प्रयोगशाळेत न जाता अंदाज घ्यायचा असेल तर तीन वेगवेगळ्या जागांवरून, गोळ्याच्या आतून, मिळून १०० ग्रॅम लोणी घ्या. जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर कढवा. बुडबुडे थांबले, बेरी तांबूस झाली की उतरवा आणि भांड्यासकट वजन करा. जितके घटले तितके पाणी. मग गाळून बेरी वेगळी तोला. उरलेले तूप म्हणजे ढोबळमानाने फॅट. काटा दशांश ग्रॅम दाखवणारा हवा, किराणा दुकानातला चालणार नाही.

लोण्यावरून तुपाचा पडता भावही असाच काढतात. ८२ टक्क्यांच्या १०० किलो लोण्यातून, बेरीत आणि भांड्यांना लागून जाणारे सोडून, साडेऐंशी किलोच्या आसपास तूप हाती येते. लोणी ४०० ने घेतले तर तुपाचा किलो ४९७ रुपयांना पडला. इंधन, मजुरी, डबा आणि झाकण मिळून २० रुपये धरले तर ५१७. अशा वेळी कोणी ४७० रुपयांनी ‘शुद्ध तूप’ देऊ लागला तर तो नुकसानीत विकत नाही, हे धरून चाला. एक तर माल फार जुना आहे, किंवा त्यात दुसरे काही आहे.

३. भाव कशाने हलतो ते समजून घ्या

दुधात फॅट आणि फॅटविरहित घटक, म्हणजे एसएनएफ, दोन्ही असतात. प्रकल्प दूध फोडतो तेव्हा एकीकडे लोणी निघते, दुसरीकडे दुधाची भुकटी. एकट्या लोण्याचा भाव बघून दुधाचा अंदाज बांधणारे म्हणूनच चुकतात.

गायीचे ३.५/८.५ चे, म्हणजे ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफचे, १०० लिटर दूध घ्या. वजन १०३ किलो. त्यातून व्हाइट बटर निघते सुमारे ४.३ किलो आणि भुकटी सुमारे ८.८ किलो. लोणी ४०० आणि भुकटी २४० धरली तर लोण्याचे १,७२० आणि भुकटीचे २,११२ रुपये झाले. गायीच्या दुधात मोठा वाटा भुकटीचा आहे. म्हशीच्या ६/९ च्या १०० लिटरमधून लोणी ७.४ किलो निघते, म्हणजे २,९६० रुपये, आणि भुकटी साधारण ९.४ किलो, म्हणजे २,२५६ रुपये. इथे पारडे फॅटकडे झुकते. लोणी किलोला २० रुपयांनी उतरले तर गायीच्या लिटरमागे ८६ पैसे जातात आणि म्हशीच्या लिटरमागे जवळपास दीड रुपया. (यातून प्रक्रिया, वाहतूक आणि कमिशन वजा व्हायचे आहे.)

भुकटी पडली की गायीच्या दुधाची काय दशा होते हे राज्याने २०२४ मध्ये पाहिले. सरकारला लिटरमागे ५ रुपये आणि नंतर ७ रुपये अनुदान द्यावे लागले. त्या काळात प्रकल्पांकडे भुकटी आणि लोणी दोन्ही साठून होते. नव्या माणसाने यातून एवढे घ्यावे: भुकटीचा साठा वाढल्याच्या बातम्या येऊ लागल्या की लोण्याचा साठाही वाढत असू शकतो, कारण एकाच दुधातून दोन्ही निघतात.

हंगाम साधारण असा चालतो. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत दूध वाढते, विशेषतः म्हशीचे. तेव्हा लोणी निघते, साठते, भाव दबतो. एप्रिल ते ऑगस्ट दूध आटते आणि साठ्यातले लोणी बाहेर येते. श्रावणापासून दिवाळीपर्यंत तुपाची मागणी चढती असते, लग्नसराईत पुन्हा एक झुळूक येते. आपल्याकडे यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती म्हणजे खवा. भूम, कुंथलगिरीच्या पट्ट्यात खव्याच्या भट्ट्या फॅटसकट दूध ओढतात. खव्याला उठाव आला की त्या भागात क्रीम मिळत नाही किंवा महाग मिळते, मग मुंबई-दिल्लीचा लोण्याचा भाव काहीही असो. दुष्काळी वर्षात चारा-पाण्याअभावी दूध घटते आणि स्थानिक भाव देशाच्या भावापासून तुटतो.

परदेशी भावाचा धाक मर्यादित आहे. ग्लोबल डेअरी ट्रेड या दुग्धपदार्थांच्या आंतरराष्ट्रीय बाजाराचा लिलाव दर पंधरवड्याला होतो. २०२५ मध्ये तिथे बटर टनाला ७,००० डॉलरच्या वर गेले होते, म्हणजे किलोला ६०० रुपयांच्या आसपास. आपल्याकडे आयातीवर शुल्क भारी आहे आणि आरोग्य प्रमाणपत्राच्या अटीही कडक, म्हणून बाहेरचा स्वस्त माल सहज आत येत नाही. पण बाहेरचा भाव चढला की निर्यात परवडते आणि देशातला साठा हलका होतो. तो लिलाव महिन्यातून दोनदा बघणे पुरेसे आहे.

४. कागदपत्रे

- फूड लायसन्स किंवा नोंदणी. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या फॉस्कॉस पोर्टलवर क्षमता आणि व्यवसायाचा प्रकार भरला की काय लागते ते कळते. उत्पादन आणि घाऊक विक्री हे वेगळे प्रकार आहेत. दोन्ही करणार असाल तर दोन्ही नोंदवा. १४ अंकी क्रमांक बिलावर छापलेला हवा.
- जीएसटी नोंदणी. लोणी आणि तूप ०४०५ या शीर्षकाखाली येतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दराची बिले किंवा जुने सॉफ्टवेअर वापरणारे अजून भेटतात, बिल तपासून घ्या.
- वजनकाट्याचे वैधमापन शिक्क्याचे प्रमाणपत्र. स्वतः पॅक करून विकणार असाल तर पॅकर म्हणून वेगळी नोंदणी.
- ई-वे बिल, म्हणजे माल नेताना सोबत लागणारे जीएसटीचे ऑनलाइन बिल. राज्याबाहेर ५० हजारांच्या वर, महाराष्ट्रात एक लाखाच्या वर माल असेल तर लागते. तुपाचे पंधरा-वीस डबे झाले की राज्यातली मर्यादा ओलांडली जाते.
- उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंद. तिचे महत्त्व उधारीच्या मुद्द्यात येईल.
- अ‍ॅगमार्क (शेतमालाच्या प्रतीचा सरकारी शिक्का) सक्तीचे नाही. तुपाचा स्वतःचा डबा काढायचा असेल तरच विचार करा.

५. भाव विचारताना सात प्रश्न

फोनवर ‘बटर काय भाव?’ एवढेच विचारले की समोरचा ओळखतो, गडी नवा आहे. हे सात प्रश्न कागदावर लिहून ठेवा आणि प्रत्येक फोनला उत्तरे टिपा: गाय की म्हैस, फॅट किती, बनवल्याची तारीख काय, भाव दारातला की पोहोच, जीएसटी आत की वर, खोक्याचे निव्वळ वजन किती, पैसे किती दिवसांत.

जीएसटी आत की वर, यावरून सर्वाधिक भांडणे होतात. ४०० रुपयांवर ५ टक्के म्हणजे किलोला २० रुपये. या धंद्यात एवढा नफा भल्याभल्यांना सुटत नाही.

तारखेचा प्रश्न टाळू नका. उणे १८ अंशाला नीट ठेवलेले लोणी वर्षभर टिकते, पण आठ महिन्यांच्या मालाला ताज्या मालाचा भाव नाही. मध्ये एकदा वितळून पुन्हा गोठलेला माल असेल तर पाणी सुटलेले दिसते आणि खोके तळाशी ओले असते. असा माल तुपासाठी चालेल, पण तुपासाठीच्या लोण्याच्या कमी भावाने, आणि लगेच कढवणार असाल तरच.

तीन वेगवेगळ्या ठिकाणी विचारा: एक प्रकल्प, एक दलाल आणि एक वापरणारा, म्हणजे मिठाईवाला किंवा बेकरी. अहिल्यानगर, पुणे, सोलापूर भागात भुकटीचे प्रकल्प आहेत, तिथला दारातला भाव हा तुमचा पाया समजा. दर सोमवारी हे आकडे एका वहीत घाला. सहा महिन्यांच्या नोंदी झाल्या की कोण चढा सांगतो आणि कोण खरे, हे वहीच सांगते.

६. नमुना, चाचणी आणि सरकीचा प्रश्न

हा भाग मराठवाड्यातल्या माणसाने दोनदा वाचावा.

तुपाची शुद्धता ठरवताना प्रयोगशाळा दोन आकडे आवर्जून बघते: बीआर रीडिंग आणि आरएम व्हॅल्यू. बीआर म्हणजे तुपातून जाताना प्रकाश किती वाकतो त्याचे माप. ते ४० अंश तापमानाला ४० ते ४४ च्या दरम्यान हवे. आरएम म्हणजे दुधाच्या फॅटमधल्या उडणाऱ्या आम्लांचे माप. अ‍ॅगमार्कला ते किमान २८ लागते. वनस्पती तूप किंवा पामतेल मिसळले की आरएम पडते आणि अनेक तेलांमुळे बीआर चढते.

अडचण अशी की आपल्या भागात जनावरांना सरकी आणि सरकी पेंड भरपूर घातली जाते. सरकीवर पोसलेल्या म्हशीचे शंभर टक्के शुद्ध तूपसुद्धा आरएममध्ये कमी आणि बीआरमध्ये जास्त येऊ शकते. सरकीच्या तेलासाठी केली जाणारी हाल्फेन चाचणीही त्यात होकारार्थी निघते. तूप कडक, जास्त रवाळ आणि उशिरा वितळणारे होते. घरी ते उत्तम मानले जाते, पण अहवालात भेसळीसारखे दिसते. प्रामाणिक माणसाचा माल परत येतो तो इथे.

उपाय असे आहेत. परभणी, जालना, बीडच्या कापूसपट्ट्यातल्या गावांचे लोणी आणि इतर गावांचे लोणी वेगळे कढवा, लॉट क्रमांक वेगळे ठेवा. भाव ठरवण्याआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल हातात घ्या, माल गेल्यावर नव्हे. आरएम काठावर येत असेल तर दुसऱ्या भागातले, जास्त आरएमचे शुद्ध तूप मिसळून लॉट बसवता येतो. शुद्ध तुपात शुद्ध तूप मिसळणे ही भेसळ नाही. दूध घालणाऱ्यांना सरकीचे प्रमाण कमी करायला सांगता येते, पण कापसाच्या हंगामात ते कितपत मानतील हे तुम्हीही जाणता.

बॉडॉइन चाचणी मात्र नकारात्मकच हवी. देशात वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचे तेल घालणे बंधनकारक केले गेले ते याचसाठी, की तुपात ते मिसळले तर या चाचणीत लाल रंग उमटावा. आलेल्या प्रत्येक लॉटवर ही चाचणी करून घ्या. पण पामतेल तीत सापडत नाही, म्हणून मोठ्या सौद्याला बीटा-सिटोस्टेरॉल (वनस्पती तेलाची खूण) आणि फॅटी अ‍ॅसिडची तपासणीही सांगा.

नमुना नेहमी तीन भागांत घ्या, तिन्हीवर दोघांच्या सह्या आणि लाख. एक तुमच्याकडे, एक त्यांच्याकडे, एक वादासाठी. वरचे खोके उघडून घेतलेला नमुना म्हणजे नमुना नव्हे. गाडीच्या मधल्या आणि मागच्या थरातून घ्या.

७. वाहतूक आणि उन्हाळा

लोणी ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळते आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर असतो. लोणी न्यायचे तर रीफर, म्हणजे शीतगाडी हवी. ती अर्धी भरली तरी भाडे पूर्ण लागते. म्हणून ज्याच्याकडे आठवड्याला टनभरही लोणी होत नाही त्याने मार्च ते जून लोणी न विकता तूपच करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तुपाला शीतगाडी लागत नाही, भरणा लहान असला तरी ट्रान्सपोर्टने जातो.

लोणी पाठवायचेच असेल तर रात्री भरा. गाडीत माल चढवण्याआधी आतले तापमान बघा, नुसते मशीन चालू असणे पुरत नाही. समृद्धी महामार्गामुळे जालना, छत्रपती संभाजीनगरहून भिवंडीपर्यंत रात्रीत माल पोहोचतो. नांदेड, हिंगोलीकडच्यांनी जालन्यापर्यंतचा वेळ वेगळा धरावा.

तुपासाठी एकदा वापरलेले पत्र्याचे डबे पुन्हा वापरायला बंदी आहे. गावोगाव तेलाचे रिकामे डबे धुऊन विकणारे येतात, त्यांच्याकडून घेऊ नका. तेलाचा अंश राहिला तर बॉडॉइन किंवा सिटोस्टेरॉलमध्ये तुमचे शुद्ध तूप अडकते.

८. साठा करण्याआधी व्याज मोजा

‘डिसेंबरला घ्यायचे, मे महिन्यात विकायचे’ हा सल्ला प्रत्येक नव्या माणसाला मिळतो. आधी हिशेब करा. ४०० रुपयांच्या लोण्यावर वर्षाला १२ टक्के व्याज म्हणजे महिन्याला किलोमागे ४ रुपये. शीतगृहाचे भाडे दीड रुपया धरले तर पाच महिन्यांचे झाले साडेसत्तावीस. नेण्या-आणण्याचे ३ आणि भरलेल्या जीएसटीत अडकलेल्या पैशाचे व्याज एक रुपया मिळवला तर साडेएकतीस. म्हणजे मे मध्ये ४३२ च्या खाली विकले तर तोटा, आणि तेव्हा तुमचा माल पाच महिन्यांचा जुना असेल. मोठ्या सहकारी संघांकडे हजारो टनांचा साठा असतो. त्यांनी तो बाजारात सोडला की चढण एका आठवड्यात सपाट होते. पहिल्या वर्षी साठा करू नका. दुसऱ्या वर्षी करायचाच तर स्वतःच्या पैशांचा आणि एकूण उलाढालीच्या चौथाईपेक्षा जास्त नको.

९. सौदा लेखी आणि पैसे वेळेवर

व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, सौदा लिहून घ्या आणि समोरच्याचे ‘मान्य’ आले पाहिजे: माल, फॅट, लॉट, निव्वळ वजन, भाव, कर, पोहोचवण्याचे ठिकाण, मुदत, आणि फॅट कमी निघाल्यास दर टक्क्याला किती कापायचे. तक्रार करायची मुदतही त्यात घाला. पोहोचल्यापासून ४८ तास पुरतात. ही ओळ नसली की पंधरा दिवसांनी ‘माल हलका होता’ म्हणून बिल कापले जाते. बिलासोबत फॉर्म ई चे, म्हणजे माल अन्न कायद्याप्रमाणे असल्याचे, हमीपत्र जोडा.

उधारीची किंमत भावातच धरा. २१ दिवसांची उधारी, महिना दीड टक्क्याने, ४०० रुपयांवर ४ रुपये २० पैसे होते. रोखीचा भाव आणि उधारीचा भाव असे दोन आकडे सांगायची सवय लावा.

सूक्ष्म किंवा लघु उत्पादक म्हणून उद्यम नोंदणी असेल तर खरेदीदाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि थकल्यास सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर दावा टाकता येतो. मात्र निव्वळ व्यापारी म्हणून नोंदणी असेल तर हे संरक्षण मिळत नाही, नोंदणी फक्त बँकेच्या कर्जासाठी कामी येते. तुम्ही स्वतः तूप कढवत असाल तर नोंदणीत उत्पादन हाच व्यवसाय टाका आणि उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. नव्या खरेदीदाराला पहिले तीन भरणे आगाऊ पैशांवरच द्या, आणि त्याचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून विवरणपत्रे वेळेवर भरली जातात का, हे पहिली गाडी भरण्याआधी बघा.